आईने रंगवलेली जर्सी

आमच्या सांता ओलाया या कोळ्यांच्या गावात माणूस गेला की दुसऱ्या दिवशी अंगणात हंडा चढतो. जेवणाचा नव्हे, रंगाचा. घरातल्या बायकांचे होते नव्हते तेवढे कपडे काळ्या पाण्यात बुडतात, वरून मीठ आणि व्हिनेगर पडतं, काठीने ढवळून ढवळून हात भरून येतात. मग ते कपडे दोरीवर दिसले की गाव समजून जातं, या घरात आता वर्षभर गाणं नाही, नाच नाही, रंग नाही. आल्सिनो कोळ्याची होडी बंदराच्या तोंडाशी उलटून तो बुडाला तेव्हा त्याच्या बायकोने, फेलिज्मिना मावशीने, असाच हंडा चढवला. स्वतःसाठी तिला फारसं काही रंगवायचं नव्हतंच. भाऊ बुडाल्यापासून ती काळ्यातच होती, आणि त्याला वीस वर्षं उलटून गेलेली. हंडा होता तो लेकीसाठी.

लेक म्हणजे इदालिना. सार्डिन मासे डब्यांत भरायच्या कारखान्यात कामाला, आणि आमच्या गावच्या बायकांच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. तिच्यासारखी गोलकीपर या किनाऱ्यावर दुसरी नाही, हे मी म्हणतो म्हणून नाही, तिच्याविरुद्ध खेळलेल्या पोरींना विचारा. तिला बापाने घडवली होती. लहानपणी तो वाळूवर उभा राहून जाळं तरंगत ठेवायचे मोठे बुचाचे गोळे तिच्याकडे फेकायचा, वाऱ्यात, मुद्दाम वाकडेतिकडे. "आधी वारा बघ, मग गोळा," एवढंच सांगायचा. पुढे ती संघात आली तर हा बाबा एकही सामना चुकवेना. पण तो कधी बाकड्यावर बसला नाही. गोलच्या मागे, तारेच्या कुंपणाबाहेर, सिगरेट धरून उभा राहायचा. म्हणायचा, बाकड्यावरून माणसं दिसतात, खेळ दिसतो तो इथून.

तो बाप गेला, आणि तोही नेमका अशा वेळी की ज्याचं नाव ते. तीन वर्षं आमचा संघ तिसऱ्या विभागात घुटमळत होता. दर वर्षी शेवटच्या सामन्याला काहीतरी व्हायचं आणि वर जायचं राहून जायचं. या वर्षी गणित सोपं होतं. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, व्हिलार दे मोंतेच्या संघाशी. बरोबरी झाली तरी आम्ही दुसऱ्या विभागात, हरलो की पुन्हा तेच. मधले दोन सामने इदालिनाशिवाय झाले होते. दुसरी गोलकीपर आधीच फ्रान्सला मावशीकडे कामाला निघून गेली होती, त्यामुळे बचाव फळीतल्या झुल्मिराला हातमोजे घालून उभी केली. बिचारीने प्रयत्न केला, पण दोन सामन्यांत सात गोल खाल्ले. तेव्हा इदालिना खेळणार की नाही, सगळं यावर अडलं होतं.

प्रशिक्षक गोरेत, जी सकाळी मासळीच्या लिलावात पेट्या उचलते आणि संध्याकाळी पोरींना पळवते, ती सातव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत कशीबशी गप्प बसली. मग घरी आली. मावशीने तिला कॉफी दिली, बसायला खुर्ची दिली आणि सरळ नाही सांगितलं. सुतकातली पोर अर्ध्या चड्डीत गावासमोर उड्या मारणार नाही. गोरेत लिलावात दहा जणांना ओरडून गप्प करते, पण त्या स्वयंपाकघरात तिचं काही चाललं नाही. कॉफी अर्धी टाकून ती परत गेली.

इदालिना मात्र गोरेत नव्हती. ती आईचीच लेक. कारखान्यातून आली की बूट घालून वाळूवर जायची, एकटी. एकटीला चेंडू कोण मारणार, म्हणून ती होड्या ओढायच्या धक्क्याच्या भिंतीवर चेंडू मारायची आणि परत येईल तसा पकडायची. काळा स्वेटर, काळी विजार, पावसात, थंडीत. येता-जाता बायका बघायच्या. शेजारची आल्बेर्तिना तर जास्तच बघायची. तिला दुसऱ्याच्या घरचं सुतक स्वतःच्या घरच्यापेक्षा जास्त कळतं. घरी परतल्यावर आई विचारायची नाही, लेक सांगायची नाही. दोघी समोरासमोर बसून सूप प्यायच्या, चमच्यांचा आवाज तेवढा यायचा.

एका संध्याकाळी इदालिनाचा संयम संपला. तिचा भाऊ नेलो समुद्रावरून परत आला होता, जॅकेटच्या बाहीवर काळी पट्टी बांधून. पुरुषांना आमच्याकडे तेवढंच पुरतं. दंडाला पट्टी बांधायची, की समुद्रावर जा, कॅफेत जा, पत्ते खेळा. नेलो आला, जेवला आणि मित्रांकडे निघून गेला. दार लागलं तशी इदालिना म्हणाली,

"बाप त्याचाही होता ना?"

"तो पुरुष आहे. त्याला कामावर जायला लागतं," आई म्हणाली.

"मग मलाही जायचंय. रविवारी मी खेळणार आहे आई. तू दार लावलंस तर मी खिडकीतून जाईन. बाबा असते तर..."

"बाबाचं नाव मध्ये आणू नकोस."

आई उठली. चुलीपाशी पाठ करून बराच वेळ उभी राहिली. इदालिनाला वाटलं, रडते आहे. पण ती रडत नव्हती, ती विचार करत होती, आणि फेलिज्मिना मावशी विचार करायला लागली की पाठच करते. शेवटी वळली आणि म्हणाली, "खेळ. पण काळ्यात खेळायचं. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळं. एक बोट रंग दिसला नाही पाहिजे. शब्द दे." इदालिनाने शब्द दिला. आनंदाने दिला. गोलकीपरला लांब बाह्या आणि लांब विजार चालतेच, त्यात अडचण कसली?

दुसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा हंडा चढला. क्लबच्या पिशवीत गोलकीपरच्या दोन जर्स्या होत्या, एक हिरवी, एक निळी. मावशीने दोन्ही बुडवल्या. हंडा चढलाच आहे तर एक कशाला, असा तिचा हिशेब. आकडे पांढरे होते तेही काळवंडले, म्हणून तिने रात्री बसून राखाडी कापडाचे नवे आकडे शिवले, सुबक, एकेक टाका मोजून घातल्यासारखा. गोरेत जर्स्या न्यायला आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. मावशीचे दोन्ही हात दाबून ती निघाली. सगळ्या संघाने त्या जर्स्या हातात घेऊन पाहिल्या, कुणी वास घेतला, कुणी टाके पाहिले, सगळ्या हळव्या झाल्या. आता मला सांगा, त्या सोळा बायकांपैकी एकीच्या तरी डोक्यात यावं की नाही? नाही आलं. आमच्या गावात काळं करायचं म्हटलं की काळं करतात. पंच कुठल्या रंगात येईल, हा विचार इथे कुणाच्या बापानेही केलेला नाही.

रविवार उजाडला तो वारा घेऊन. समुद्राकडून असा वारा होता की कोपऱ्यातली निशाणं आडवी झाली होती. माणसं मात्र जमली. बाकडी भरली, भिंतीवर पोरं चढली, कारखान्याच्या मुकादमबाई छत्री घेऊन आल्या आणि छत्री उलटल्यावरही गेल्या नाहीत. आमच्या पोरी पिवळ्यात, पाहुण्या लाल कपड्यांत. इदालिना कपडे बदलायच्या खोलीच्या बोळातून शेवटी बाहेर आली, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळी, आणि बाकड्यांवरचा गलबला एकदम खाली बसला. पुरुषांनी टोप्या काढल्या. तिने मान खाली घालून हातमोजे आवळले.

मग पंच बाई आली. शहरातली तरुण मुलगी, नीट बांधलेले केस, गळ्यात शिट्टी आणि अंगात काळा सदरा. तिने इदालिनाकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि गोरेतला बाजूला बोलावलं. म्हणाली, गोलकीपरचा रंग पंचाच्या रंगासारखा चालत नाही, दुसरी जर्सी घाला. गोरेत म्हणाली, दुसरीही काळीच आहे. मग तुम्हीच सदरा बदला, असंही ती म्हणाली. पंच बाईने पिशवी उघडून दाखवली. तिच्याकडे दुसरा सदरा होता, पण पिवळा. आमच्या पोरींसारखाच पिवळा. ती काही वाईट बाई नव्हती हो. तिने आधी का सांगितलं नाही, असं गोरेतने विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, की गोलकीपर काळ्यात येणार हे तिला आधी कुणी कळवलंच नव्हतं. बाप गेल्याचं कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण नियम तो नियम, आणि सामना तिच्या शिट्टीवर होता.

गोरेत भडकली. लिलावातला आवाज काढला, हातवारे केले, आभाळातल्या सगळ्यांना साक्षीला बोलावलं. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात पाहुण्यांची गोलकीपर पुढे आली. तेल्मा तिचं नाव, उंच, दणकट, शेतकऱ्याच्या घरातली. तिने पिशवीतून आपली जास्तीची जर्सी काढली आणि इदालिनाच्या हातात दिली. नारिंगी. साधी नारिंगी नाही, धुक्यात होडीला दिसावी अशी भडक. त्यावर त्यांच्या क्लबचं चिन्ह होतं, ते चिकटपट्टीने झाकलं की झालं, असं पंच बाई म्हणाली. तेल्माने फक्त एवढंच सांगितलं, की समोर खरी गोलकीपर नसेल तर जिंकण्यात काय मजा.

इदालिना ती जर्सी हातात धरून उभी राहिली. सगळ्या पोरी भोवती गोळा झाल्या. कुणी म्हणाली, घाल गं, देवाला सगळं दिसतं. कुणी म्हणाली, नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे. झुल्मिरा म्हणाली, तुझी आई कुठे इथे आहे, तिला सांगायचं कुणी? त्यावर गोरेतने झुल्मिराकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. अख्खं गाव बाकड्यांवर होतं, सांगायला कुणाची गरज होती? अंधार पडायच्या आत घरोघरी झालं असतं, की आल्सिनोच्या पोरीने महिना व्हायच्या आत भडक नारिंगी मिरवलं. शेवटी गोरेत हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यावर आहे, लिना. नको म्हणालीस तर मी झुल्मिराला उभी करते. कुणी तुला बोल लावणार नाही." ते ऐकून झुल्मिराचा रंगच उडाला.

इदालिनाला रडू येत होतं आणि रागही येत होता. रंगाचा राग, पंच बाईचा राग, स्वतःच्या शब्दाचा राग. तिने समुद्राकडच्या गोलकडे पाहिलं. सवयीने पाहिलं, दर सामन्याआधी पाहायची तशी. आणि कुंपणाबाहेर, बाप उभा राहायचा नेमक्या त्याच जागी, तिला आई दिसली.

सुतकातली विधवा मैदानात येत नाही. आई मैदानात आलीही नव्हती. ती तारेबाहेर उभी होती, काळा रुमाल डोक्याला, काळी शाल खांद्यावर. लेक शब्द पाळते का ते बघायला आली होती म्हणे. असंच तिने नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि ज्याला खरं वाटायचं त्याला वाटू दे. तिच्या मागे दोन पावलांवर आल्बेर्तिना होती. ती कशाला आली होती हे सांगायला नको.

इदालिना गोलपर्यंत चालत गेली, गोल ओलांडून कुंपणापाशी गेली. जर्सी लपवली नाही, समोर धरली.

"आई, पंच काळ्यात आहे. मला काळं चालत नाही. हे घालायला लागतंय."

आईने जर्सीकडे पाहिलं.

"मी खेळणार आहे, आई. तू नाही म्हणालीस तरी खेळणार आहे. पण शब्द तुला दिला होता. तुझ्या पाठीमागे मोडणार नाही, तोंडावर मोडीन."

वारा तारेतून शीळ घालत होता. मागून आल्बेर्तिना पुटपुटली, पण असं पुटपुटली की सगळ्यांना ऐकू जावं. "नारिंगी! अजून महिना झाला नाही माणसाला."

फेलिज्मिना मावशी वळली.

"आल्बेर्तिना, परवा माझा नेलो होडीवर गेला, तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"अगं तो कामाला गेला," आल्बेर्तिना म्हणाली. "त्याला पट्टी असते."

"हो ना," मावशी म्हणाली. "मग ही पण कामालाच चालली आहे."

आणि तिने हनुवटीखालची गाठ सोडली. वीस वर्षांत गावाने तिचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, सगळेच्या सगळे, आणि वाऱ्याने ते तोंडावर आले. तिने रुमालाची कड दातात धरली आणि टरकन फाडली. हाताएवढी लांब पट्टी निघाली. "घाल ते," ती म्हणाली. इदालिनाने काळ्या जर्सीवरूनच नारिंगी चढवली. "हात आण इकडे." तिने डावा दंड तारेला टेकवला. आईने जाळीच्या भोकांतून बोटं आत घातली, पट्टी फिरवली, पुन्हा बाहेर ओढली, आणि दोर बांधतात तशी कोळ्याची गाठ मारली, पाण्यात न सुटणारी. बोटं तारेला घासून लाल झाली होती. तिने ती गाठ दोनदा ओढून पाहिली.

"जा," ती म्हणाली. "वारा बघ."

इदालिना वळली तेव्हा तिला धड दिसत नव्हतं. पंच बाई मध्यावर उभी होती. तिने पट्टीकडे पाहिलं, चिन्हावरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं, मान हलवली आणि शिट्टी वाजवली.

सामना काय सांगू? वाईट सामना होता. चेंडू वर गेला की वारा त्याला कुठे नेईल याचा नेम नव्हता, आणि आमच्या पोरींचे पाय भीतीने जड झाले होते. पाहुण्या पोरी चढून चढून आल्या. एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, एक झुल्मिराने रेषेवरून छातीने अडवला, बाकीचे इदालिनाने घेतले. पहिल्या अर्ध्या भागात ती ओरडून ओरडून बचाव फळीला जागेवर ठेवत होती. दुसऱ्या अर्ध्या भागात गोल बदलले. ती वाऱ्याविरुद्ध गेली आणि आई मागे लांब राहिली, पण त्या नारिंगीमुळे पार पलीकडच्या टोकालाही ती दिसत होती. बाकड्यांवरचे पुरुष आधी कुजबुजत होते. मग कुजबुजायचे थांबले, आणि मग तिच्या प्रत्येक पकडीला पाय आपटायला लागले.

अगदी शेवटी पाहुण्यांना कोपऱ्यावरून फटका मिळाला. सगळी लाल माणसं आमच्या गोलसमोर आली, तेल्मासुद्धा आपला गोल सोडून आली. झुल्मिरा ओरडत होती, आत राहा, आत राहा. चेंडू उंच आला, सरळ दूरच्या खांबाकडे निघाला, आणि सगळ्या जणी तिकडे धावल्या. इदालिना धावली नाही. तिने कोपऱ्यातलं निशाण पाहिलं, ते एकाएकी उलट्या बाजूला वळलं होतं. मग ती उलट दिशेला, जिथे कुणीच नव्हतं अशा ठिकाणी, दोन ढांगा टाकून उडाली. वाऱ्याने चेंडू मागे ओढला आणि तिच्या हातात आणून दिला. ती पोटाखाली चेंडू दाबून चिखलात पडली, वरून तेल्मा पडली, तिच्यावर आणखी दोघी पडल्या. त्या ढिगाऱ्यातून नुसता एक नारिंगी हात दिसत होता, काळ्या गाठीचा. शिट्टी वाजली तरी तिने चेंडू सोडला नाही. पंच बाईला येऊन सांगायला लागलं, सोड गं, संपलं.

दोन्हीकडे गोल शून्य, आणि आम्ही दुसऱ्या विभागात. पोरींनी गोरेतला उचललं, खाली पाडलं, पुन्हा उचललं. मैदानाच्या मध्यावर नाच सुरू झाला. इदालिना त्यात गेली नाही. सुतकात नाचत नाहीत, आणि तो शब्द अजून शाबूत होता. तिने तेल्माच्या गळ्यात हात घातला, दोघी काही तरी बोलल्या, दोघींच्या नाकाला चिखल लागलेला. मग ती समुद्राकडच्या कुंपणापाशी चालत आली. आल्बेर्तिना निघून गेली होती. आई होती तिथेच होती, उघड्या डोक्याने, उरलेला रुमाल मुठीत. नाक वाऱ्याने लाल झालं होतं, किंवा दुसऱ्या कशाने.

इदालिनाने तारेला कपाळ टेकवलं. आईने पलीकडून हात लावला, तिच्या केसांतला चिखल नखाने काढला, आणि बराच वेळ काढतच राहिली.

"आई, बाबांनी इथून पाहिलं असतं आज."

"मी पाहिलं ना," आई म्हणाली. मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्या पोरीची जर्सी नीट धुवून परत दे. आणि गोरेतला विचारून ये, वरच्या विभागात पंच कुठकुठल्या रंगात येतात. जर्सी नवी घ्यावी लागेल. पट्टी आहे."